उलट्या हाताची गाठ

नाही, हात मागे घ्या. आधी उत्तर द्या — काल दुपारी मी कॉलेजात असताना तुम्ही या गॅरेजमध्ये आला होतात की नाही? ‘नाही’ म्हणताय. बरं. तपासनीस आहात, उद्या सकाळी आमचे यजमान आम्ही घरीच बांधलेलं विमान पहिल्यांदा वर नेणार की नाही ते तुमच्या सहीवर ठरणार, म्हणून चहा दिला. विश्वास काही मी कपात ओतून देत नाही. वाका जरा. ही जुडी दिसते? पॅनेलमागून निघून सीटखालून पंखाकडे जाणारी प्रत्येक वायर मी बांधली आहे — हो, मीच. सांगाडा यांचा, वायरिंग माझं, पाच वर्षं हीच वाटणी. दर वितीला मेणदोऱ्याची गाठ, पत्र्याची कड आली की रबराचं कडं, वरून जाळीदार नळी — का? थरथरीत ती कड वायरीला करवतीसारखी खाते, म्हणून. आता गाठी बघा. माझ्या गाठीचं शेपूट कायम उजवीकडे. उजवीकडे, उजवीकडे, उजवीकडे — आणि ही? डावीकडे! कुणीतरी नळी सोडवली, आत पाहिलं, परत बांधून ठेवली. सासूबाईंनी पाठवलं ना तुम्हाला? त्यांच्या मते मीच त्यांच्या लेकाला हरभऱ्याच्या झाडावर — अहो, तोंड काय बघता माझं! आणि खोलून सापडलं काय? एक जोड, बस्स! इंधनपंपाची वायर चार बोटं कमी पडली, नवी ओढायची तर अख्खा पंख उतरवावा लागला असता, म्हणून कथलाचा डाग देऊन जोडली नि झाकली. यांना म्हटलं, सलग आहे. हो, म्हटलं तसं! लिहा आता काय लिहायचं ते, हे घ्या पेन —

उजव्या हाताने लिहिता तुम्ही.

थांबा. उजव्या हाताने ही गाठ अशी पडतच नाही. बांधणारा डावखुरा असेल तरच शेपूट इकडे येतं, आणि या घरात डावखुरे — हेच. म्हणजे यांनी पाहिलं. काल पाहिलं, आणि संध्याकाळी ताटावर बसून म्हणाले, “तुझं वायरिंग म्हणजे डोळे मिटून उडावं.” मी हसले. मी हसले हो — आणि हे तसेच बसणार होते त्यात, थरथरीत तो जोड सुटून वर इंजिन बंद पडलं असतं तरी, माझा शब्द खोटा पडू नये म्हणून —

सही करू नका. पेन द्या इकडे. बाहेर पाना घेऊन उभे असतील, त्यांना सांगा, उद्याचं उड्डाण रद्द, पंख उतरवायला घ्या. कारण विचारलं तर — विचारणार नाहीत ते. निघा तुम्ही.