आन्नांची बेल

वाई-पुणे एसटीत माझ्या पुढच्या बाकावर मायलेकी बसल्या होत्या. अकरा वाजता मुलीची फ्रेंचची तोंडी परीक्षा होती.

“क झ फ्यूस, क त्यू फ्यूस, किल फ्यू... आई, पुढचं आठवंना!”

“क नू फ्यूस्यों.”

“आँ? तुला कसं येतंय गं?”

“महिनाभर माझ्या कानाशी घोकतीयास. पर हे वापरायचं कुठं?”

“आधी एकाला वाटायचं, दुसऱ्यानं अमुक व्हावं, असं सांगताना. आता बोलण्यात न्हाई, जुन्या पुस्तकातच. पण मॅडम स्वतःचं वाक्य मागणार, अन् मला एकबी सुचंना.”

“मग घे की. आमच्या आन्नांना वाटायचं, मी कंडक्टर व्हावं.”

“तू? कंडक्टर?”

“व्हय! मलाबी बेल मारायची लय हौस.”

“थांब, थांब... आजोबा म्हंजे ग्राँ-पेर... ग्राँ-पेर वुले क मामाँ फ्यू कंडक्टर! आई, जमलं! जमलं गं!”

वाटेतल्या साताऱ्याकडच्या खंडाळ्याला बस थांबली. मघापासून ऐकत उभा असलेला कंडक्टर पुढं आला.

“मावशी, सगळे चढले. मारा डबल बेल.”

टण्. टण्. टण्.

“आवं, दोनच मारायच्या!”

“दोन गाडीच्या. तिसरी आन्नांची.”