हिरेमठ मॅडमचा थेंब

हिरेमठ काका, मॅडमचे नातेवाईक, कॉलेजमधले शिक्षक आणि माझ्या दोस्तांनो,

हिरेमठ मॅडमच्या शोकसभेत बोलायला उभा राहिलोय खरा, पण नुसते डोळेच पुसतोय. मॅडम असत्या तर म्हणाल्या असत्या, "रडगाणं पुरे, मुद्द्यावर ये." येतो.

मी मोहोळचा. मॅडमचा शेवटचा पीएचडीचा विद्यार्थी. मॅडम नेमकं काय करायच्या, हे इथं बऱ्याच जणांना माहीत नसेल. डाळिंबावर औषध फवारलं, की सगळे थेंब पानावर टिकत नाहीत. काही आपटतात, भाकरीसारखे पसरतात, परत गोळा होतात आणि उडी मारून खाली मातीत जातात. ही उडी इतकी पटकन होते की डोळ्याला दिसत नाही. मॅडम ती कॉम्प्युटरवर, गणितानं घडवून दाखवायच्या.

माझ्या प्रोग्रॅममधला थेंबही उडायचा. लई देखणा उडायचा! फक्त एक भानगड होती. प्रत्येक उडीला तो थोडा लहान व्हायचा. ऊन नाही, वारा नाही, तरी पाणी कमी! गणितातच कुठंतरी गळत होतं. मित्र म्हणाले, "सोलापूरचं पाणी हाय, कॉम्प्युटरात तरी कसं टिकंल?" सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्या चिडल्या की कन्नडवर यायच्या. "नीरु एल्ली होय्तु?" पाणी गेलं कुठं?

मी म्हणालो, मॅडम, बघणाऱ्याला कळत पण नाही. मुदत संपत आलीय. प्रबंध वेळेत गेला नाही तर कॉलेजातली नोकरी जाईल माझी. सही करा की. "पाणी कुठं गेलं ते सांग, सही करते." बरं, म्हटलं, जेवढं कमी पडतंय तेवढं दर वेळी वरून भरतो. तर म्हणाल्या, "टँकर लावतोस व्हय रे?"

राग आला मला. लई राग आला. पण ही बाई नुसती अडवून बसली नाही. कॅन्सर झालेला, तरी केमो घेऊन यायची आणि माझ्या शेजारी खुर्ची ओढून प्रोग्रॅमची एकेक ओळ वाचायची. जिना चढवत नव्हता, तरी विद्यापीठात जाऊन माझ्या मुदतवाढीसाठी भांडली. परक्याच्या पोरासाठी कोण करतं हो एवढं?

आणि गळती सापडली! थेंब पसरला की कडेला अगदी पातळ व्हायचा, तिथं आमच्या गणिताला पाणी धरताच येत नव्हतं. ते सुधारलं. लॅपटॉप घेऊन दवाखान्यात पळालो. थेंब आपटला, पसरला, उडाला. आला तेवढाच परत गेला. मॅडमनी माझा हात घट्ट धरला. म्हटलं, आता सही? तर म्हणतात कशा, "दुसऱ्या मशीनवर चालव. तिथं पण तेवढाच राहिला तर खरा." असल्या बाईपुढं काय बोलायचं, तुम्हीच सांगा!

दुसऱ्या मशीनवर लावलं. ते चालू असतानाच मॅडम गेल्या.

निकाल आज सकाळी आला. सवयीनं मॅडमचा नंबर लावला. रिंग वाजायला लागली, तेव्हा भानावर आलो. तेवढ्यात काकांनी उचलला. मॅडमचे मिस्टर असले तरी काका बँकेतले, त्यांना यातलं काही कळत नाही. तरी मी काही सांगायच्या आत काकांनीच विचारलं, "पाणी राहिलं का रे?"

राहिलं, काका. सगळंच्या सगळं राहिलं.

सही आता दुसरे सर करतील. मॅडम, तुमची मंजुरी मी धरून चालतो. मंडळी, उठा. थोडा वेळ त्यांच्यासाठी गप्प उभे राहू.