सईचं टीव्हीवरचं जर्मन

सकाळचे आठ वाजून दहा मिनिटं. किटाच्या, म्हणजे इथल्या बालवाडीच्या, दारात बाईंनी आम्हा नवराबायकोला थांबवलं. जर्मनीत वोल्फ्सबुर्गला आल्यापासून आमची सई तिथे एक शब्द बोललेली नव्हती. मी सातवी शिकलेली, तिला जर्मन कुठून शिकवू? म्हणून रोज टीव्हीवर मुलांचा एक कार्यक्रम लावायचे. त्यातली ताई प्रत्येक रंग आधी इंग्रजीत सांगते, मग जर्मनमध्ये. आम्ही मायलेकी तिच्यामागून मोठ्याने म्हणायचो.

बाईंचं ऐकून हे हसायलाच लागले. "अगं, सई बोलायला लागली!"

"बघा! मीच शिकवलं जर्मन."

"जर्मन कुठलं? स्पॅनिश बोलतेय ती! तुझी टीव्हीवरची ताई स्पॅनिश शिकवते!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात बाईंनी आत बोट दाखवलं. स्पेनहून नवीन आलेली, आठवडाभर नुसती रडणारी मुलगी सईला चिकटून बसली होती. सई एकेक खडू उचलून रंग सांगत होती आणि ती पोर डोळे पुसत तिचे उच्चार सुधारत होती.

मैत्रिणींनो, मला त्या भाषेत रंगांपलीकडे काही येत नाही गं. तुमच्यात कुणाला येत असेल तर तिच्या आईला एवढा निरोप द्या, शनिवारी लेकीला घेऊन आमच्याकडे पोहे खायला या.