गुरुजींची मान

तुम्ही हसाल, पण मला घाम फुटला होता. ब्रह्मा घाटावरच्या वेदपाठशाळेतल्या माझ्या गुरुजींना समोरचे सहा विद्यार्थी बारा दिसायला लागले, म्हणून त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर बोट वर-खाली नेत म्हणाले, "सिर मत हिलाइए, सिर्फ आँखें घुमाइए."

पण बोट वर गेलं की गुरुजींची मानही वर, खाली आलं की खाली! वेद म्हणताना स्वराबरोबर मान हलवायची, ही साठ वर्षांची सवय. डॉक्टर वैतागले. शेवटी मीच मागून गुरुजींचं डोकं धरलं. आजवर त्यांच्या पायांनाच हात लावलेला. बोटं नुसती टेकवली.

गुरुजी हळूच म्हणाले, "घट्ट धर रे. लहानपणी स्वराबरोबर तुझी मान हलत नव्हती, तेव्हा ती हलवायला मी काय अशी घाबरत धरली होती?"