‘जातो’ची खूण

(राजपाळयम गाव. वडिवु टीचरच्या घराचा ओटा. ओट्यावर म्हातारा राजा, जन्मभर कुत्री पाळलेला; पायाशी त्याची पांढरी कुत्री पिच्ची. बाहेर गल्लीत त्याला चेन्नईला न्यायला आलेल्या मुलाची, दिनकरनची, गाडी उभी आहे.)

राजा : ही अंगणाची भिंत कमी पडते, टीचरम्मा. राजपाळयम जातीचं शिकारी कुत्रं आहे. मनात आलं तर एका उडीत पलीकडे.

वडिवु : मागच्या आठवड्यात सांगितलंत म्हणून वर जाळी बसवून घेतली. चष्मा लावून बघा, अण्णा.

राजा : हां, दिसली. फाटकाची कडी?

वडिवु : बदलली. विहिरीवर झाकण टाकलं. दूधवाल्याला सांगून ठेवलंय, हॉर्न वाजवू नकोस, हिला ऐकू येत नाही, गाडी ढकलत आण. आणखी काय राहिलं? माझी पत्रिका दाखवू?

राजा : थट्टा नको. कुत्रं देताना मी सख्ख्या भावाचंही घर तपासलंय.

वडिवु : आणि माझंही. आम्ही दोघं पिल्लू मागायला आलो होतो, आठवतं? तुम्ही विचारलंत, दिवसभर घरी कोण असतं? हे मिलमध्ये, मी शाळेत. म्हणालात, कुलपाच्या सोबतीला माझं पिल्लू देत नाही. कॉफी मात्र पाजलीत.

राजा : चुकलं होतं का माझं?

वडिवु : बरोबर होतं, म्हणून तर राग आला. परत येताना हे म्हणाले, तू रिटायर झालीस की घेऊ. मी रिटायर झाले, तेव्हा हेच राहिले नव्हते.

राजा : माहीत आहे. ते गेले त्या दिवशी मी आलो होतो. फाटकाशीच उभा राहून परत गेलो. अशा वेळी काय बोलायचं ते मला सुचत नाही.

दिनकरन : अप्पा, निघू या आता. मदुरैला गर्दीत अडकलो तर चेन्नईला पोचायला पहाट होईल.

राजा : तू बस जरा गाडीत. पिच्ची आत्ता कुठं झोपलीय.

वडिवु : तुमच्या पायाला पाठ लावूनच झोपते ही. महिनाभर रोज हिला घेऊन येताय, बघतेय.

राजा : ऐकू येत नाही ना. माणूस उठून गेला तर कळणार कसं? म्हणून चिकटून झोपते. ही लहान होती तेव्हा तर मलाही समजलं नव्हतं. बाकीची पिल्लं धावली की त्यांना बघून हीपण धावायची. मग एकेकाला वेगळ्या खोलीत ठेवलं आणि पाठीमागे ताट वाजवलं. सगळ्यांनी माना वळवल्या. हिनं नाही.

वडिवु : आणि दिसायला ही अशी.

राजा : तेच तर! पांढरंशुभ्र अंग, गुलाबी नाक. लोकांना तेवढंच हवं असतं, आणि असल्या पांढऱ्यांतच बहिरी निघतात. हिच्यासाठी केवढाल्या गाड्या आल्या दारात. एक जण म्हणाला, बहिरी असू दे, पिल्लं तर देईल! त्याला बसायलाही सांगितलं नाही. हिची पिल्लं काढली नाहीत मी. तुम्हीही काढायची नाहीत.

वडिवु : किती वेळा कबूल करून घ्याल? नाही काढणार.

राजा : बाकीची सगळी चांगल्या घरी लागली. हीच राहिली होती.

वडिवु : ही आणि तुम्ही. आता मी चार प्रश्न विचारू?

राजा : विचारा.

वडिवु : चेन्नईच्या घरी दिवसभर कोण असतं?

राजा : दिनकर ऑफिसात. सून बँकेत. नात शाळेतून परस्पर क्लासला जाते.

वडिवु : अंगण?

राजा : बाल्कनी आहे.

वडिवु : कितवा मजला?

राजा : वरचाच आहे. पण लिफ्ट आहे.

वडिवु : खाली नेऊन फिरवून आणायला कोण?

राजा : मी काय कुत्रं आहे, टीचरम्मा?

वडिवु : अशा घरी तुम्ही पिल्लू दिलं असतंत?

राजा : नसतं दिलं.

दिनकरन : मग मी काय करू, टीचर? अप्पा दोनदा पडले बाथरूममध्ये. दुसऱ्यांदा शेजाऱ्यांनी दार फोडलं. रात्री फोन वाजला की गावचाच असेल म्हणून धावत जातो.

वडिवु : तुला बोल लावत नाही रे. माझ्याच वर्गात होतास, तुला ओळखत नाही का? तू न्यायला आलास, हेच खूप आहे.

राजा : पोरगा चांगला आहे माझा. मला भीती वेगळीच वाटते. झोपताना पायाला काही लागणार नाही, त्याची.

वडिवु : मला इतकी वर्षं तीच वाटतेय.

राजा : जाऊ दे. ऐका, सकाळी नाचणीची आंबील, रात्री दहीभात, अंडं उकडून. आणि काही झालं, तुम्ही आजारी पडलात, नको झाली, तरी हिला दुसऱ्या कुणाच्या हवाली करायचं नाही. सरळ माझ्या दारात परत आणून...

वडिवु : अण्णा, घराच्या किल्ल्या काल नव्या मालकाला देऊन आलात ना?

राजा : हो. जिभेला सवय आहे. आता पाय हळूच काढून घेतो, तुम्ही तुमचा लावा. ती झोपेत असतानाच जातो.

वडिवु : नाही. झोपलेलं पिल्लू तुम्ही कुणाला नेऊ देत नव्हतात. जागं करायचं, आईला हुंगू द्यायचं, मग न्यायचं. आज नियम का मोडता?

राजा : मग तुम्हीच पाय आपटा. दोनदा. टाच जोरात, जमिनीचा हादरा तिला कळतो.

वडिवु : हे बघा. उठली.

राजा : आधी तुमच्याकडे बघितलं. पाय ओळखायला लागली तुमचा.

वडिवु : आता सांगा तिला.

राजा : कसं सांगू? ‘ये’ची खूण आहे. ‘जेव’ची आहे. तळवा समोर धरला की ‘थांब’. ‘जातो’ची मी शिकवलीच नाही. कधी लागलीच नाही.

वडिवु : ‘थांब’ म्हटलं की काय करते?

राजा : बसते. मी येईपर्यंत हलत नाही.

वडिवु : आणि तुम्ही येता?

राजा : आजवर आलोय.

वडिवु : मग तीच खूण करा.

राजा : ते खोटं होईल. हिच्याशी मी कधी खोटं वागलो नाही.

वडिवु : खोटं का व्हावं? तुमचा नियम माझाही आहे. नव्या घरी जमलं नाही, तर दुसरीकडे कुठं जायचं नाही. ह्या दारात परत यायचं. मागची खोली रिकामीच आहे.

राजा : गाव काय म्हणेल?

वडिवु : म्हणेल, टीचरनं म्हातारपणी दोन पाळली.

दिनकरन : टीचर, तुम्ही खरंच...

वडिवु : तू गाडी चालू कर, दिनकर.

राजा : पिच्ची. इकडे बघ, माझ्याकडे. थांब.

वडिवु : बसली.

राजा : बसली. येतो, टीचरम्मा.

वडिवु : या. आणि आलात की फाटकातून हाका मारत बसू नका. ओट्यावर दोनदा पाय आपटा. आम्ही दोघी घरीच असतो.