रुळाकडच्या खिडकीच्या खालच्या झडपा

सन्माननीय अध्यक्ष दत्तराव, व्यासपीठावरचे गटशिक्षणाधिकारी साहेब, हारांच्या मागं तोंड न दिसणारे बाकीचे पाहुणे, शाळेतले गुरुजी आणि बाई, आपले पिंगळीचे गावकरी, पुढं सतरंजीवर बसून जिलेबीच्या वासाकडं माना वळवणारी लेकरं, आणि आज जिची सेवापूर्ती आहे ती माझी सून, या शाळेची मुख्याध्यापिका पद्मजा, सगळ्यांना माझा नमस्कार.

मला दोन शब्द बोला म्हणालेत. मी दुसरीपर्यंत शिकलेली, म्हणून दोनच शब्द येत असतील असा तुमचा अंदाज असेल. तसं काही नाही. बसून घ्या.

माझ्या आधी जे जे बोलले ते सगळे म्हणाले, बाई आता पुण्याला लेकाकडं जाणार, नातीला खेळवणार, सुखात राहणार. टाळ्या पडल्या. मी पद्मजाकडं बघत होते. तिची मान खाली होती. लाजून खाली घातलेली मान वेगळी आणि ही वेगळी. म्हणून गुडघे धरत माईकपर्यंत आले. साहेबांची परवानगी असेल तर आमच्या घरच्या खिडकीचं सांगते. विषय सोडून कुठं जायले नाही.

आमचं घर रुळाला लागून. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. स्वयंपाकघराला जुनी सागवानी खिडकी. उभे गज, वर दोन झडपा, खाली दोन. वरच्या उघड्या, खालच्या बंद. हा माझ्या सासऱ्यांचा नियम. गाडीतल्या माणसांना घरच्या बायका चुलीपाशी बसलेल्या दिसू नयेत! जसं काही परभणीहून तिकीट काढून लोक आमच्या भाकरी बघायलाच यायचे. सासरे गेले, नियम राहिला. दर दिवाळीला खिडकीला तेलरंग, आणि तोही झडपा न उघडता, वरूनच. फट बुजली, कडी बुजली, बिजागऱ्या बुजल्या. पुढं पुढं खाली झडपा आहेत हेच कोणाच्या ध्यानात राहिलं नाही. आमी त्या खालच्या भागाला भिंतच समजायचो.

आमच्यात निवडणं, टिपणं, जेवण सगळं खाली बसून. खाली बसलं की वरच्या झडपेतून काय दिसणार? आभाळ. उभं राहून बघायचं की, असं तुमी म्हणाल. उभं राहून बाहेर बघायला सवड कोणाला होती? लग्न होऊन आले तेव्हापासून मी गाडी ऐकलीय. आधी धूर तरी दिसायचा, मग तोही गेला. पद्मजाही तशीच. शाळेतून आली की माझ्यासमोर बसून वह्या तपासायची. भांडी हलली की म्हणायची, नांदेडची गेली वाटतं.

या उन्हाळ्यात माझा नातू मुकुल आला. तो बघा, पहिल्या रांगेत, मोबाईलमध्ये माझं शूटिंग करायलाय. कर बाबा. त्याचा बेत असा की आमा दोघींना पुण्याला न्यायचं आणि घराला कुलूप घालायचं. खिडकी खिळखिळी झालेली, ती काढून टाकायची.

"आजी, ॲल्युमिनियमची सरकती बसवू. धूळ नाही, आवाज नाही."

"घरात कोणी राहणारच नाही, मग धूळ कोणाच्या नाकात जायलीय?"

"तुझं प्रत्येक गोष्टीत वाकडं असतं."

"सरळ तुझी आई आहे. तिला विचारलंस?"

"आईला काय विचारायचं? आई हो म्हणते."

खरं होतं ते. ही बाई शाळेत दिवसभर बोलते, पोरांना दरडावते, साहेबांना उत्तरं देते, आणि उंबरा ओलांडला की हो म्हणते. मीबी खिडकी काढाच म्हणाले. मला लाकडाचं कौतुक नाही. वाळवी पोसण्याइतकी मी दयाळू नाही.

पेडगावचा मुंजाजी सुतार आला. खिडकीवर दोन थापा मारून म्हणाला, "काकू, लाकूड कमी अन् रंगच लय हाय." चौकट सुटेना म्हणून रंग खरवडायला बसला. हिरवा निघाला, त्याच्याखाली निळा, त्याच्याखाली गेरूसारखा लाल. एकेक दिवाळी मागं मागं चालल्यागत वाटत होतं. मग त्यानं फटीत पटाशी घातली, आणि खालच्या झडपा उघडल्या.

आधी ऊन आलं. आमच्याकडं ऊन भिंतीवर कॅलेंडरापाशी पडायचं. त्या दिवशी ते खाली उतरलं, परातीतल्या तांदळांवर, मग माझ्या पायांवर. माझेच पाय मला दुसऱ्या कोणाचे वाटले. तेवढ्यात पद्मजा शाळेतून आली. पर्स खांद्यालाच, तशीच माझ्याजवळ खाली बसली. सिग्नल नसावा, गाडी समोरच उभी होती. आत एक बाई केस विंचरायली होती. एक म्हातारा संत्रं सोलत होता. त्यानं आमच्याकडं असं बघितलं, जसं काही आमीच गाडीत बसलोत आणि तो आपल्या घरात. मग गाडी हलली. खरं सांगते, मला वाटलं गाडी उभीच आहे आणि आमचं घर निघालंय. मांडणी, डबे, परात, आमी दोघी, सगळं हळू हळू, कुठंच धक्का न लागता. मी म्हटलं बीपी वाढलं.

"पद्मजा, तुला काही हलल्यागत वाटलं का?"

"हो आत्याबाई. बोलू नका ना जरा."

मला! मला म्हणाली, बोलू नका. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

शेवटचा डबा गेला, तेव्हा म्हणाली, "आत्याबाई, आत माणसं असतात हो."

"मग काय ज्वारीची पोती असतील?"

हसली. लय दिवसांनी हसली. "आता रोज बघता येईल," म्हणाली. आणि म्हणता म्हणता तोंड उतरलं, कारण रोज कुठं? कुलूप लागणार ना घराला. उठून साडी बदलायला गेली.

मुंजाजी हत्यारं आवरत होता. "मोडायची का ठिवायची, येकदाचं बोला."

मी म्हटलं, ठेव.

चौकटीचं कुजलेलं लाकूड बदलायला त्यानं चौकटीसकट झडपा घरी नेल्या. भिंतीच्या भोकाला आमी जुनी साडी बांधली. वारा आला की ती फुगायची, गाडी आली की आत ओढली जायची. घरच श्वास घ्यायलंय असं वाटायचं. त्या साडीकडं बघत एका संध्याकाळी पद्मजा बोलली. माझ्याशी नाही, साडीशीच. "मला नाही जायचं हो. इथलं प्रत्येक लेकरू मला नावानं माहीत आहे. पुण्यात मी दिवसभर कोणाशी बोलू? पण नाही म्हटलं तर मुकुलला वाईट वाटेल."

झडपा बसून आता लय दिवस झाले. तिनं लेकाला अजून सांगितलेलं नाही. उद्याची तिकिटं आहेत आणि ही बाई भांडी बांधायलीय.

मुकुल, तू वाईट नाहीस. आईला नेतो म्हणणारं लेकरू आज किती घरांत आहे? तू फक्त विचारलं नाहीस. म्हणून आता मी विचारते, सगळ्यांसमोर, म्हणजे उद्या कोणी म्हणायला नको की आई हो म्हणाली होती. पद्मजा, तुला पुण्याला जायचंय का?

मान हलवू नकोस, मागच्यांना दिसत नाही. घे हा माईक.

काय? वर्गात बोलतेस तसं बोल.

"नाही. मला इथंच राहायचंय."

ऐकलंत सगळ्यांनी? मुकुल, तू ऐकलंस? रडतोस कशाला? उठ, आईजवळ जा. दत्तराव, त्याला वर येऊ द्या.

असो. मला बोलायला दिलंत, एवढा वेळ ऐकून घेतलंत, म्हणून शाळेचे, अध्यक्षांचे, साहेबांचे आणि अजून जिलेबी न मिळालेल्या लेकरांचे आभार. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल, कोणाचा मान राखायचा राहिला असेल, तर म्हातारी समजून पोटात घाला. आता मला कोणीतरी हात द्या. आमा दोघींना घरी चालत जायचंय.