वायर उपटली तेव्हा

वाडीच्या बसमध्ये पुढच्या सीटवर मांडीवर गिटार घेऊन बसलेल्या माणसाला त्याचा मित्र खडसावू लागला, तसं मागे बसलेल्या रितिकानं मोबाइलवरचं गाणं बंद केलं.

"नागसेन, रॉक बँड काहून सोडून राहिला गा? अशी जगावेगळी गाणी बांधणारा दुसरा कोन हाये नागपुरात?"

"परवा धरमपेठेत माह्यं नवीन गाणं होतं. वाडीच्या ट्रकवानी नुसती घरघर, गिटारमधून काढलेली."

"मग?"

"साउंडवाल्याले वाटलं, स्पीकर बिघडला. त्यानं वायरच उपटली."

"अन् तू गुपचूप उभा राहिला?"

"भांडाले निघालोच होतो. तेवढ्यात लोकायनं टाळ्या वाजवल्या."

"गाण्याले?"

"घरघर बंद झाली म्हणून. इतक्या वर्षांत एवढ्या टाळ्या मले कधीच पडल्या नाहीत गा."